चाल कोणाची, आवाज कोणाचा?

वाचक माउली, अभंग कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न आपल्या संप्रदायात कोणी विचारीत नव्हते. आता संगणक विचारतो. एका तरुण कीर्तनकाराने गावच्या सप्ताहातील कीर्तन यूट्यूबवर घातले, तर एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा येऊन पडला. हरकत कशावर, तर रूपाच्या अभंगाच्या चालीवर. ती चाल त्याला गुरूंकडून मिळाली, गुरूंना फडावरून. कंपनीच्या कोणा गायकाने तीच कधीतरी गायिली, एवढाच कंपनीचा संबंध. यंत्राला दोन्ही सारखे वाटले आणि त्याने घरच्या धन्यालाच चोर ठरविले.

कायदा असा नाही, हे आधी समजून घ्या. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या पश्चात ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथांचे साहित्य खुले व्हायची वेळ आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांनी वाढविली. म्हणजे मुदत हे काही वेदवाक्य नव्हे, ती ताणता येते. तुकोबारायांना वैकुंठास जाऊन पावणेचारशे वर्षे होत आली. त्यांचे शब्द सर्वांचे. फडावरच्या जुन्या चालींचा कर्ता कोणास ठाऊक नाही, त्याही सर्वांच्याच. मात्र ‘अभंग तुकयाचे’साठी श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चाली ही त्यांची निर्मिती. खळे २०११ साली गेले, म्हणून त्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक कार्यक्रमात अशी चाल म्हटली तर हक्काचा भंग होत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ५२ सांगते. सप्ताहात निर्धास्त म्हणा.

आता आपल्यातीलच काही मंडळी म्हणतील, कीर्तनाचा मोबदला घेणे हेच मुळी वर्ज्य, मग हक्काची भाषा कशाला? मोबदल्याविषयीचा तुकोबांचा दंडक मलाही पाठ आहे. पण नीट विचार करा. ज्याने बिदागी नाकारली त्याने ती पांडुरंगासाठी नाकारली. कंपनीला दानपत्र लिहून दिले नाही. त्याने सोडलेले दुसऱ्याने जाहिराती लावून विकावे आणि वर त्याला निष्कामता शिकवावी, हा कोणता परमार्थ? आणि पखवाजवाल्याचे काय? पुडी बदलायला, शाई भरायला पैसे लागतात, घरी लेकरेबाळे असतात. सादरीकरण करणाऱ्या कलावंताचा हक्क १९९४ साली कायद्यात आला. आज तो ५० वर्षांचा आहे आणि २०१२ पासून व्यापारी वापरातला वाटाही त्याला मिळायला हवा. आपल्या दिंडीत हे किती वादकांना माहीत आहे?

पण माझे खरे भांडण कंपनीशी नाही. तिने धंदा मांडला आहे, ती धंदाच करणार. भांडण आहे ते सरकारशी आणि सरकारी रेडिओशी. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे. दर वर्षी टपाल कचेरीत पैसे भरावे लागत, आणि शेतकऱ्यानेही ते भरले. त्या लोकांच्या रेडिओने कीर्तने, भजने, भारुडे ध्वनिमुद्रित केली. गावोगावचे बुवा करारावर सही करीत, मानधनाचा धनादेश घेत आणि एसटीने परत येत. पुढे टेपा महाग म्हणून कितीतरी पुसून त्यांवर दुसरे भरले गेले. जे उरले आहे त्याची यादी तुम्हाआम्हाला घरबसल्या पाहता येत नाही. ज्यांचा आवाज, त्यांच्या नातवंडांनाही तो ऐकायला मिळत नाही.

सरकारला हे जमत नाही असे म्हणू नका. १९५० साली मुंबई सरकारने गाथा छापली, पु. मं. लाडांच्या देखरेखीखाली. चार हजार सहाशेंवर अभंग, आणि किंमत गरिबाला परवडेल अशी. ती प्रत कोणी कुलपात ठेवली नाही. शब्दाला जो न्याय दिला तो आवाजाला का नको? उरलेली ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी विनामूल्य खुली करा. कोणी धंद्यासाठी मागितली तर शुल्क घ्या आणि त्यातला वाटा गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या घरी पोचवा. आणि आकाशवाणीने नवी कीर्तनेही नेमाने ध्वनिमुद्रित करावीत. तरुण पखवाजवाद्याला वर्षाकाठी चार मुद्रणे मिळाली तरी तो वाद्य खाली ठेवणार नाही.

पंढरीच्या वाटेवर आपण लाखोंनी चालतो, पण रेडिओ केंद्राला पत्र लिहायला दहा जण मिळत नाहीत. आषाढीआधी प्रत्येक दिंडीने एक पत्र आपल्या जवळच्या केंद्रसंचालकांना आणि एक आपल्या खासदारांना लिहावे. पत्रात आपल्या फडातील कोणत्या बुवांचे कीर्तन कोणत्या साली प्रसारित झाले, पखवाजावर कोण होते, हे आठवेल तेवढे नोंदवा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. घरी जुनी कॅसेट असेल तर तिच्यावर नाव, गाव आणि तिथी आजच लिहा.