भिंतीआडच्या लहरी कोणाच्या?

हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. टू-जी प्रकरणात २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि लिलावाविना लहरी देणे म्हणजे गैरव्यवहार, अशी धास्ती नोकरशाहीत बसली. सहा गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरून मोबाइल कंपन्या आणि वाय-फाय उद्योग यांच्यातील रस्सीखेचीला ही पार्श्वभूमी आहे.

प्रश्न वरकरणी तांत्रिक, पण थेट घरात पोचणारा. एक राउटर साऱ्या खोल्यांना पुरत नाही म्हणून परस्परांशी जोडलेली दोन-तीन उपकरणे बसविण्याची ‘मेश’ पद्धत रूढ होत आहे. राजधानीतील जुन्या सरकारी निवासस्थानांच्या जाड भिंतींत तिची गरज सहज पटावी. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. पण पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्‌झचा, एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आणि शेजाऱ्यांचीही गर्दी तेथेच. पाच गिगाहर्ट्‌झ वेगवान, परंतु भिंतीपुढे दुबळा. त्याच्या काही भागांत रडारला वाट द्यावी लागते. मेशमध्ये उपकरणांचे आपापसातील दळणवळणही याच लहरींवर चालत असल्यास कोंडी वाढते. सहा गिगाहर्ट्‌झला भिंत आणखीच अडवते. मात्र तो रुंद व मोकळा असल्याने जवळच्या उपकरणांना जोडण्यास सोयीचा.

दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा भाग परवानामुक्त करण्याचे मसुदा नियम प्रसिद्ध केले. उपग्रह सेवाही येथे असल्याने कमी शक्तीची उपकरणे ही अट त्यात घालण्यात आली. दिशा योग्यच होती. परवानामुक्ती म्हणजे खैरात नव्हे. टू-जीमध्ये मोजक्यांना मक्ता मिळाला. येथे कोणालाच मक्ता नाही आणि व्यत्यय आला तर दाद मागण्याचा हक्कही नाही. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ खुला झाला नसता, तर आज घरोघरी दिसणारे वाय-फाय दिसले नसते.

खरा वाद ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्‌झचा. अमेरिकेने २०२० मध्ये सहा गिगाहर्ट्‌झमधील १२०० मेगाहर्ट्‌झ खुले केले. भारतात ‘ट्राय’च्या सप्टेंबर २०२५ च्या लिलावविषयक चर्चापत्रात वरच्या पट्ट्यातील काही भागही आला. कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. खेड्यातील माणसाचे इंटरनेट मोबाइलवरच चालते. परंतु ७०० मेगाहर्ट्‌झचा बहुमोल पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत विकलाच गेला नाही. न विकलेल्या लहरींतून तिजोरीतही काही पडत नाही आणि जनतेच्याही पदरी काही पडत नाही.

दूरसंचार विधेयक १८ डिसेंबर २०२३ रोजी मांडले गेले आणि २१ तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांत संमतही झाले. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित होते. लिलाव कोठे आणि वाटप कोठे, हे ठरविणारा कायदा असा पुरेशा चर्चेविना झाला, हे भूषणावह नव्हे. वरच्या पट्ट्याबाबत तरी संसदीय स्थायी समितीपुढे दोन्ही बाजूंची सुनावणी व्हावी. सार्वजनिक मालमत्तेचा हिशेब लिलावाच्या बोलीइतकाच नागरिकांच्या सोयीनेही मांडायचा असतो. तो मांडण्याची जागा संसद हीच आहे.