ऐकण्याचे पैसे

जुन्या बुलेटच्या इंजिनातून नेहमीपेक्षा वेगळा आवाज येऊ लागला, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘खोलावं लागेल.’ ही सवय मेकॅनिकला आपणच लावली, असं माझं मत आहे. खोलण्याचे पैसे आपण देतो, बदललेल्या पार्टचे देतो. नुसतं ऐकून दोष सांगणाऱ्याला मात्र विचारतो, ‘तू केलंस काय?’

बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. तिचं ओतीव लोखंडाचं ३५०चं इंजिन म्हणजे एकच सिलिंडर, ७० मिलिमीटरचा बोअर आणि ९०चा स्ट्रोक. २०१० च्या सुमारास ते बंद झालं, पण आपल्या रत्नागिरीत वडिलांच्या, चाचांच्या नावावरच्या अशा गाड्या अजून धावतात. त्यांना लॅपटॉप जोडून दोष कळत नाही. कानच लागतो.

आणि कानाला भाषा लागते. मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून हे जास्त जाणवतं. शाळेत आम्ही पानांची सळसळ, पाण्याचा खळखळाट, नाण्यांचा छनछनाट पाठ करून घेतो आणि दोन गुण देऊन मोकळे होतो. मिस्त्रीकडे याच शब्दांवर हजारो रुपये अवलंबून असतात. सिलिंडरच्या उजव्या बाजूने हलकी, नेमाची टिकटिक आली तर आधी टॅपेट बघायचे. प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून ती टिकटिक इंजिनाच्या निम्म्या वेगाने येते. गार इंजिनात कोरडी खडखड आणि तापल्यावर ती कमी झाली, तर पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल आहे. त्याची घाई नसते. हातखंब्याचा चढ वरच्या गिअरमध्ये चढताना किणकिण झाली तर टायमिंग पुढे गेलेलं असू शकतं, पॉइंट तपासायचे. क्लच दाबताच आवाज बदलला तर क्लच, प्रायमरी चेन नाहीतर गिअरबॉक्सकडे वळायचं. पण अगदी खालून, ओझं पडल्यावर वाढणारी जड ठकठक आली, तर गाडी तिथेच उभी करायची. ती कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगची असू शकते आणि तिथे खोलण्याला पर्याय नाही. (जुनी टू-स्ट्रोक येझदी चालवणाऱ्याला कोणी ‘टॅपेट सेट करतो’ म्हणाला तर चावी परत घ्यावी. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हही नसतात आणि टॅपेटही.)

माझ्या मरहूम अब्बांच्या बुलेटला गेल्या पावसाळ्यानंतर अशीच टिकटिक लागली. एका गॅरेजने हेड उतरवण्यापासून ९ हजारांचा अंदाज दिला. मी गाडी मिरकरवाड्याच्या बाजूला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारले. ‘सर, गार असताना वाजता का तापल्यावर? चढावर वाढता? क्लच दाबलात तर?’ मग इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, उजव्या बाजूचं झाकण काढलं आणि पुशरॉड बोटांनी फिरवून पाहिले. ते सहज फिरत होते आणि वरखाली हलत नव्हते. म्हणजे टॅपेट बरोबर होते. गाडी चालू करून लांब पेचकसाचं टोक त्यांनी इंजिनावर ठिकठिकाणी टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. शेवटी सायलेन्सरचा पाइप हेडमध्ये शिरतो तिथे बोट फिरवून दाखवलं. बोटाला काजळी. सांध्यातून धूर फुटत होता. पाइप तापून फुगला की फट मिटायची आणि आवाज मंद व्हायचा. सांधा साफ करून, पेस्ट लावून, सायलेन्सरचा सैल झालेला ब्रॅकेट आवळला. त्यांनी १५० रुपये मागितले.

ते १५० रुपये पेस्टचे आणि आवळण्याचे होते. निदानाचे शून्य. फ्रान्समध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीचा आवाज ऐकला, त्यातून स्टेथोस्कोप आला. आज डॉक्टर छाती तपासून ‘काही नाही, घरी जा’ म्हणाला तरी आपण फी देऊन येतो, वर खुशही होतो. मिस्त्रीने तेच सांगितलं तर तो दिवसभर उपाशी. मग प्रामाणिक माणसालाही इंजिन खोलण्याचा मोह का होऊ नये?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार वाहनदुरुस्तीसारख्या कामांत मोठ्या प्रमाणावर असल्याची नोंद आहे. आपल्या समाजात त्या नोंदीचा अर्थ ‘मुलं शिकली नाहीत, गॅरेजला लागली’ एवढाच घेतला जातो. शिक्षण कमी पडलं हे खरंच आहे, मी ते रोज वर्गात पाहतो. पण त्या गॅरेजात उस्तादाकडून शागिर्दाला जे मिळालं ते अडाणीपण नव्हतं. माझ्याच वर्गात एक मुलगा निबंधात चार ओळींपुढे जात नाही, पण खिडकीबाहेरून गेलेल्या गाडीची चेन सैल आहे हे मान वर न करता सांगतो. त्याला दहावी व्हायला हवी, आयटीआयही करायला हवं. आणि आयटीआयने अशा म्हाताऱ्या मिस्त्रींना मानधन देऊन आठवड्याचा एक तास वर्गात बसवायला हवं, त्यांचा कान मुलांपर्यंत पोचेपर्यंत.

तोवर आपल्या हातात असलेली गोष्ट छोटी आहे. गाडी नेताना नुसतं ‘आवाज येतो’ म्हणू नका. टिकटिक की ठकठक, गार की गरम, चढावर की उतारावर, हे लिहून न्या. आणि मिस्त्री म्हणाला, ‘काही नाही, चालवा बिनधास्त’, तर खिशात हात घाला. मी त्या दिवशी ५०० दिले. चाचा घेईनात, म्हणाले, ‘सर, मी काय केलंय?’ ते घ्यायला लावायला मला आवाज शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.