नोंद बोलू दे, नाव नको

दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीवरच्या माणसाने आजाराचं नाव जरा मोठ्याने उच्चारलं, तरी आपल्याला धडकी भरते. गाव छोटं, बातमी आपल्याआधी घरी पोचते. त्यातून आजार एचआयव्ही असेल तर विचारायलाच नको. मग अशा नोंदी कॉम्प्युटरवर हव्यात तरी कशाला?

एक उदाहरण बघा. एचआयव्हीची औषधं लगेच सुरू करावीत, की प्रतिकारशक्ती बरीच खालावेपर्यंत थांबावं, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. एकाच दवाखान्यातल्या शे-दोनशे रुग्णांवरून ते कळणं कठीण. म्हणून अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक केंद्रांनी आपल्याकडच्या 17,517 रुग्णांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या. 2009 मध्ये निष्कर्ष आला : थांबलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त. 2015 मध्ये प्रत्यक्ष चाचणीनेही औषधं लगेच सुरू करणंच हिताचं असल्याचं दाखवलं. 2017 मध्ये भारतानेही निदान होताच औषधं देण्याचं धोरण स्वीकारलं. दूरदेशीच्या त्या नोंदींचा असा आपल्याकडच्या बायकांनाही हातभार लागला.

पण विश्वासच नसेल, तर बाई खोटं नाव सांगते, नाहीतर दवाखान्याची पायरीच चढत नाही. मग नोंदही खोटी आणि उपचारही अर्धा. आपल्याकडे 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या कायद्याने, काही अपवाद सोडता, एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणं आणि संशोधनात सामील करताना नीट समजावून संमती घेणं बंधनकारक केलंय. तेव्हा मैत्रिणींनो, सही करण्याआधी खुशाल विचारा, ‘माझं नाव कोण कोण बघणार?’ हा आगाऊपणा नव्हे, हक्क आहे.