उरलेल्या तेलाचे करायचे काय?

शाबान निम्मा सरला की घरोघरी रमजानच्या सामानाची यादी निघते. चणे, बेसन, खजूर, शेवया, आणि यादीत अगदी वर तेल. एरवी ज्या घरात महिन्याला चार-पाच लिटर तेल पुरते, तिथे या एका महिन्यासाठी पाच लिटरचे दोन कॅन येतात, नाहीतर सरळ १५ किलोचा डबा. रोज असरनंतर कढई चढते आणि मगरिबच्या अजानपर्यंत भजी, पट्टी समोसे, कटलेट, डाळवडे यांतले दोन-तीन पदार्थ दस्तरखानावर येतात. इफ्तार होते, नमाज होते, भांडी घासायला निघतात, आणि कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल तसेच उरलेले असते.

या तेलावरून घराघरांत वाद होतो, आणि तो बहुधा दोन पिढ्यांचा असतो. सासूबाई म्हणतात, एवढ्या महागाचे तेल फेकणे हा इस्राफ आहे; उद्या त्यातच थोडे नवे ओता आणि तळा. सुनेने कुठेतरी वाचलेले असते की एकदा तापवलेले तेल म्हणजे विषच. आम्ही या दोघींपैकी कुणालाच चूक म्हणणार नाही. अन्न वाया जाऊ नये ही सासूबाईंची तळमळ खरी आहे, आणि सुनेची भीती थोडी वाढवून सांगितलेली असली तरी निराधार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न इफ्तारनंतर सुटत नाही. तो असरच्या वेळी, कढई निवडतानाच सोडवावा लागतो.

त्याआधी तेलाचे नेमके काय बिघडते ते पाहू. तेल तापले की एकाच वेळी तीन गोष्टी सुरू होतात. कांद्यातले, बटाट्यातले, खिम्यातले पाणी वाफ होऊन तेलातून वर येते आणि येता येता तेलाला फोडत जाते. हवेतला प्राणवायू तापलेल्या तेलाशी संयोग पावतो. खवट वास येतो तो त्यामुळे. आणि उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट होऊ लागते. ही तिसरी गोष्ट प्रत्येक भगिनीने हाताने अनुभवलेली आहे. कढईच्या काठावर, ओट्यामागच्या टाइल्सवर, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर जो पिवळट चिकट थर बसतो, तो हेच बदललेले तेल. साध्या साबणाला तो दाद देत नाही, कारण ते आता पूर्वीचे तेल राहिलेले नसते. काठावर जे दिसते ते कढईच्या आतही कमी प्रमाणात चालू असते.

त्यात बेसनाचे कण तळाशी बसून करपतात आणि पुढचे काम ते करतात. म्हणून जुन्या तेलात नवे ओतल्याने जुने सुधारत नाही. उलट जुन्यातली घाण नव्या तेलालाही लवकर बिघडवते. तेल काळपट झाले, झाऱ्यावरून मधासारखे सावकाश गळू लागले, भजी सोडताच वर बारीक फेस येऊन तो बसेना, किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर येऊ लागला, तर ते तळणासाठी संपले असे समजावे. रंग एकटा मात्र फसवतो. हळद-मिरची लावलेले काहीही तळले की तेल पहिल्याच घाण्याला लाल होते, आणि पांढऱ्या पुऱ्या तळलेले तेल चार दिवसांनीही स्वच्छ दिसते.

हॉटेलांसाठी सरकारने याचे माप ठरवून दिले आहे. तळणाच्या तेलात बिघाडातून तयार होणारी संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोठ्या हॉटेलांत ते मोजायचे यंत्र असते, घरात नसते. घरासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ सालचा सल्ला उपयोगी आहे: एकदा तळून उरलेले तेल गाळून कालवणाला वापरावे, पुन्हा तळायला घेऊ नये, आणि एक-दोन दिवसांत संपवावे. याच संस्थेने २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे.

आता हिशेब करू. पाच माणसांचे घर धरले तर दिवसाला १३५ ग्रॅम, म्हणजे साधारण १५० मिली तेल होते. दोन दिवसांचे ३०० मिली. हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा.

आपल्याकडे तळणाची कढई म्हणजे दहा-अकरा इंच तोंडाची. पाहुण्यांसाठी, शादीब्याहच्या घरासाठी घेतलेली. तिच्यात भजी बुडण्याइतके तेल घालायचे तर पाऊण लिटरच्या वर लागते, आणि पाच माणसांची भजी तळून झाल्यावर त्यातले बरेचसे तसेच उरते. मग ते संपवायचे कसे? रोजच्या कालवणात एवढे तेल जिरत नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तळायला घेतले जाते, तिसऱ्या दिवशीही. तेल पुन्हा पुन्हा तापवण्याची सवय कंजूषपणातून आलेली नाही, ती कढईच्या आकारातून आली आहे.

सात इंच तोंडाची, खोलगट, जाड बुडाची छोटी कढई घ्या. तिच्यात ३०० मिली तेल घातले तर मधोमध दीड इंच खोली मिळते. भजी, डाळवडा किंवा पट्टी समोसा तळायला ती पुरेशी आहे. तळण झाल्यावर दीड वाटीच्या आसपास तेल उरते, आणि ते आज रात्रीच्या व उद्याच्या कालवणात, फोडणीत सहज संपते. एक दिवसाआड तळले तर दोन दिवसांचे ३०० मिली बरोबर बसते. फेकायलाही काही उरत नाही आणि पुन्हा तळायलाही नाही. सहरीला तुपातले पराठे असतील तर तेही याच हिशेबात धरावे लागतील, हे ओघाने आलेच.

छोट्या कढईची एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. घाणे जास्त काढावे लागतात. एका वेळी चार-पाच भजी किंवा तीन समोसे, त्याहून जास्त नाही. थोड्या तेलात गर्दी केली तर तेल एकदम थंड होते आणि पदार्थ ते पिऊन बसतो. बेसनाचा कण टाकला की क्षणभर खाली जाऊन लगेच वर यावा, हीच तेल तापल्याची खूण; प्रत्येक घाण्याआधी ती पाहावी. कढई अ‍ॅल्युमिनियमची, हिंडालियमची, स्टीलची किंवा वापरून काळी झालेली लोखंडी, कोणतीही चालेल. लोखंडी कढईत तेल रात्रभर ठेवू नये. तांब्या-पितळेची तळणाला नकोच. हे धातू तेल फार लवकर बिघडवतात. आणि लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल चवीला कितीही छान असले तरी ते फोडणीसाठी राखून ठेवावे. रिफाइंड तेलाच्या मानाने ते फार लवकर धुरावते.

पदार्थांचेही थोडे पाहायला हवे. पट्टी समोसा या कामी फार गुणी आहे. त्याचा खिमा आधीच शिजलेला असतो, पट्टी कागदासारखी पातळ असते, त्यामुळे मध्यम आचेवर तो तीन-चार मिनिटांत होतो. हलवायाच्या दुकानातला जाड पारीचा समोसा मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे तेलात राहतो. तो विकत आणलेलाच बरा. खिमा मात्र कोरडा हवा. पाणी आटेपर्यंत परतून, पूर्ण गार करून मगच भरावा, आणि टोक मैद्याच्या खळीने नीट बंद करावे. एक समोसा फुटला की खिमा तेलात करपतो आणि ते सगळे तेल गेले. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात पन्नास-साठ समोसे भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. गोठलेले तसेच तेलात सोडावेत, बाहेर काढून मऊ होऊ देऊ नयेत.

भज्यांच्या पिठात सोडा घातला की भजी फुलतात खऱ्या, पण तेल ओढून घेतात. त्याऐवजी बेसनात चमचा-दोन चमचे तांदळाचे पीठ घालून पाहा. आणि एकाच दिवशी दोन-तीन गोष्टी तळायच्या असतील तर क्रम असा ठेवा: आधी पापड किंवा पुऱ्या, मग समोसे, मग भजी, आणि रवा लावलेली मासळी सर्वांत शेवटी. कोकणातल्या आमच्या भगिनींना हे सांगायला नको. बांगडा तळलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी गुलगुले कुणी तळत नाही.

एअर फ्रायर घ्यावा का, हेही सारखे विचारले जाते. आमच्या घरी तो दोन वर्षे वापरात आहे. नावात फ्रायर असले तरी ते तळण्याचे यंत्र नाही. आत विजेची तार आणि जोराचा पंखा आहे, म्हणजे ती छोटी भट्टीच. तेलाचा हात फिरवलेले पट्टी समोसे, शामी कबाब, कोंबडीचे तुकडे त्यात छान होतात. दहा समोसे एकदम लागतात आणि कुणाला समोर उभे राहावे लागत नाही, ही त्याची सर्वांत मोठी भलाई. १,५०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर अर्धा युनिट वीज जाते. पण कांदा भजी त्यात होत नाही. ओले पीठ आळायच्या आधीच जाळीतून खाली गळते. ज्या घरात इफ्तार म्हणजे भजी, त्या घरात हे यंत्र ईदनंतर माळ्यावर जाईल. डाळवडा त्यात होतो, पण कोरडा लागतो, आणि तो खाताना घरातल्या बुजुर्गांचे चेहरे पाहवत नाहीत.

घाणे वाढले की तळणारीचा वेळ वाढतो, हा प्रश्न उरतोच. रोजा तिचाही असतो. आमच्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत अजान होते, सगळे खजूर उचलतात, आणि ती अजून शेवटचा घाणा काढत असते. भजी गरमच हवीत हा हट्ट कुणाचा आहे, हे घरातल्या पुरुषांनी एकदा दस्तरखानावर बसून स्वतःला विचारावे. आमच्या घरी अजानच्या पंधरा मिनिटे आधी गॅस बंद होतो. तळलेले पदार्थ डब्यात झाकून ठेवले तर वाफेने मऊ पडतात. स्टीलच्या जाळीवर उघडे ठेवले तर पंधरा मिनिटांत काही बिघडत नाही. चणे उकडणे आणि फळे चिरणे ही कामे मुलांची, मुलगे धरून.

गॅस बंद करण्याचे दुसरेही कारण आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. अजान झाली की सगळे धावत दस्तरखानावर येतात आणि तेलाची कढई पेटत्या गॅसवर विसरली जाते. थोडे तेल असले की ते धुरावून पेट घ्यायला फार वेळ लागत नाही, म्हणून छोट्या कढईच्या बाबतीत तर याची जास्तच काळजी घ्यावी. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करावा आणि कढईवर घट्ट बसणारे झाकण सरकवावे. पाणी चुकूनही टाकू नये. तापलेल्या तेलात पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल छतापर्यंत उडते. कढई उचलून बाहेर न्यायलाही जाऊ नये. झाकण गार होईपर्यंत काढू नये. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे, म्हणून तळण सुरू करतानाच कढईचे झाकण हाताशी काढून ठेवण्याची सवय लावा.

उरलेले दीड वाटी तेल कोमट झाल्यावर मलमलच्या दुहेरी कापडातून स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात गाळा, झाकण लावा आणि गॅसपासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवा. तळाशी बसलेला गाळ गाळू नका, टाकून द्या. दुसऱ्या दिवशी डाळीला, भाजीला, खिम्याला हेच तेल आधी वापरायचे, नवी पिशवी फोडायची नाही. मासळीचे तेल मासळीच्याच कालवणात घाला.

मोठ्या दावतीनंतर जास्त तेल उरलेच, तर ते मोरीत ओतू नका. नळीत ते गोठते, चिकटते आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या इमारतीची गटारे तुंबवते. जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात द्या. मोठ्या शहरांत वापरलेले तेल बायोडिझेलसाठी गोळा करून नेणारे आहेत, पण ते मुख्यतः हॉटेलांकडे जातात. सोसायटीतल्या दहा-वीस घरांचे तेल एका कॅनमध्ये साठवले तर त्यांना विचारून पाहायला हरकत नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला मात्र ते देऊ नका, त्याने मागितले तरी. आणि सायकलच्या चेनला, शिलाई मशीनला हे तेल घालण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. महिन्याभरात त्याचा डिंक होतो.