उवा परत का येतात?



गळीत हंगामात पेठ परिसरातल्या शाळांत ऊसतोड मजुरांची काही पोरं आपल्या पोरांशेजारी बसतात. डोक्यात उवा झाल्या की दोष कोपीवर जातो. आम्हांस हे पटत नाही. ऊ उडत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. तिला बंगला नि कोपी सारखीच. औषधाने ऊ मरते, पण काही लिखा राहतात आणि सात-दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा औषध लावावे, बारीक फणी फिरवावी, घरातल्या सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत. कोपीतही हेच व्हावे. फणी-औषधाचा खर्च आपण उचलावा. पिकावर फवारायचे औषध मात्र डोक्याला कदापि लावू नये, जिवावर बेतते.