तुझं मराठी किती छान आहे!

'तुझं मराठी किती छान आहे गं!' ऑफिसातल्या नव्या कलीगला मी लंचटाइमला कॉम्प्लिमेण्ट दिली. गळ्यात क्रॉस, म्हटलं गोव्याची असणार.

'अरे, आमच्या घरात मराठीच बोलतात. तू कुठला?'

'चारकोप. अठ्ठ्याऐंशीपासून!' मी कॉलर ताठ केली.

'आम्ही मालाडच्या गावठाणातले. कधीपासून, ते आजीलाही माहीत नाही.'

बॉस, आपली विकेट पडली!

तर मंडळी, ती निघाली ईस्ट इंडियन. बंगाल-ओरिसाशी काही संबंध नाही हं! १५३४च्या तहात वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. इथलेच शेतकरी, कोळी, भंडारी ख्रिश्चन झाले. धर्म बदलला, भाषा, भातशेती राहिली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढे इंग्रज आले. त्यांच्या नोकऱ्यांसाठी गोवा-मंगलोरहून कॅथलिक येऊ लागले, तेव्हा 'आम्ही इथलेच' हे ठसवायला या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून नाव घेतलं. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांची असोसिएशनही निघाली. म्हणजे इथल्याच माणसांना इथलेपण सांगायला कंपनीचं नाव लागलं!

रविवारी तिच्या घरी गेलो. आजींनी फुग्या आणि चिकन वाढलं. उन्हाळ्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत दाबून भरलेला बॉटल मसाला, अहाहा! मग आजी लग्नातल्या 'उंबराच्या पाण्या'बद्दल बोलल्या. आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं.

'आता कुठली विहीर?' मी विचारलं.

त्यांनी समोरच्या टॉवरच्या पार्किंगकडे बोट दाखवलं. 'ती काय. खा रे बाबा, गार होतंय.'

घास घशात अडकला. आमचं चारकोप तरी काय, १९८५च्या वर्ल्ड बँकेच्या योजनेतलं. म्हाडाचा प्लॉट मिळाला आणि बाबा हक्काचे मुंबईकर झाले. आधीचं गाव कुणाचं, हे आमच्या सोसायटीत कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

सोमवारी लंचला नेहमीचा विषय निघाला, 'हे बाहेरचे लोक...' टेबलावर सगळ्यात जोरात बोलायचो तो मीच. या वेळी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे डबा उघडत होती.

मग मीच विचारलं, 'बाहेरचे म्हणजे नक्की कधीनंतरचे रे?'

टेबलावर एकदम सन्नाटा. तिनं गालात हसून फुग्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.