झोपेची गोळी आणि खरा आकडा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजारचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. ओळखीतले एक गृहस्थ पत्नीसह आले. वय ५२, नोकरी कायमची, व्यसन कसलेही नाही. तक्रार एकच. "डॉक्टरसाहेब, झोप लागत नाही. एखादी झोपेची गोळी लिहून द्या." रक्तदाब मोजला, तो १७०/१०४ निघाला. चार महिन्यांत मी त्यांचे औषध दोनदा वाढवले होते, तरी आकडा जागचा हलत नव्हता. "गोळी रोज घेता ना?" मी विचारले. "रोज म्हणजे रोज. घड्याळ लावून," ते म्हणाले. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या होत्या.

वहिनींना रक्ततपासणीची चिठ्ठी देऊन शेजारच्या लॅबमध्ये पाठवले आणि दार लोटून पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता उत्तर निराळे आले. गोळ्या आठवड्यातून दोन-तीनदाच पोटात जात होत्या, कारण पैसे पुरत नव्हते. पैसे का पुरत नव्हते? तर एका मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थांबवले आणि गेले ११ महिने पतसंस्थेचा हप्ता यांच्या पगारातून कापला जात होता. घरी सांगितले होते की पगारातला फरक अडला आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नवे कारण शोधायचे आणि मागच्या महिन्यात कोणते सांगितले ते आठवायचे, असा हा उद्योग चालला होता.

मी म्हणालो, "झोपेची गोळी आज देत नाही. आज रात्री वहिनींना सगळे सांगा आणि आठ दिवसांनी दोघे या."

आठ दिवसांनी दोघे आले. बोलल्या त्या वहिनीच. "डॉक्टर, नोटीस आली तेव्हा हे घरी नव्हते. पोस्टमनकडून मीच सही करून घेतली, वाचली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. आज ना उद्या हे स्वतःहून सांगतील म्हणून वाट बघत होते. पाच महिने झाले, मलाही झोप नाही."

म्हणजे एकाच खोलीत दोन माणसे रात्रभर जागी होती आणि दोघेही एकमेकांना झोपल्याचे भासवत होती!

कर्ज आजही तेवढेच आहे, ते काही माझ्या सल्ल्याने फिटले नाही. पण दोघांनी मिळून पतसंस्थेत जाऊन मुदत वाढवून घेतली, हप्ता थोडा खाली आला, मुलाची मोटारसायकल पुढच्या वर्षावर गेली. दोन महिन्यांनी रक्तदाब १३६/८६ आला. तो खरे बोलल्याने उतरला असे मी म्हणणार नाही. गोळी रोज पोटात जाऊ लागली म्हणून उतरला. पण गोळी रोज पोटात जाऊ लागली ती खरे बोलल्यामुळे. झोपेची गोळी मात्र शेवटपर्यंत लिहावी लागली नाही.

वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात डॉक्टर आज कीर्तनाला का उभे राहिले? नीतीचा उपदेश करणे हे माझे काम नाही. माझे काम शरीराचे आहे, आणि शरीराच्याच बाजूने मी बोलतो आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. धोका दिसला की त्यातून ॲड्रेनॅलिन रक्तात येते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, तोंडाला कोरड पडते, तळहाताला घाम सुटतो. पुढून बैल उधळत आला तर लढावे किंवा पळावे, यासाठी निसर्गाने केलेली ही तयारी. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. धोका लांबला तर त्याच ग्रंथीतून कॉर्टिसॉल वाढते. ते साखर चढवते आणि झोप मोडते. बैल निघून गेला की सारे पूर्ववत होते. पण लपवलेली गोष्ट हा असा बैल आहे की तो जातच नाही. दारावर थाप पडली, फोन वाजला, पोस्टमन दिसला की तो पुन्हा समोर उभा. शरीराला थोड्या वेळाची तयारी जमते, ११ महिन्यांची जमत नाही.

ज्याला लोक खोटे पकडायचे यंत्र म्हणतात, ते तरी काय करते? १९२१ साली अमेरिकेतील बर्कले येथे जॉन लार्सन यांनी पोलिसांसाठी असे यंत्र बनवले. ते रक्तदाब, नाडी आणि श्वास यांची नोंद करी. म्हणजे ते यंत्र खोटे पकडत नाही, शरीरावरचा ताण पकडते. घाबरलेल्या निर्दोष माणसाचीही नोंद वरखाली होऊ शकते. संमतीशिवाय कोणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला आहे. यंत्राची साक्ष न्यायालयात कितपत टिकते हा कायद्याचा विषय. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की लपवण्याचे ओझे रक्तदाबावर आणि नाडीवर उमटते. आपल्याकडे 'खाई त्याला खवखवे' असे म्हणतात, ते उगाच नव्हे.

आता दुसऱ्याच्या घरातले सांगितले तसे स्वतःचेही सांगितले पाहिजे.

दवाखाना सुरू करून मला दोनच वर्षे झाली होती. साल १९९९. चांगल्या संबंधातले एक नोकरदार आले आणि म्हणाले, "डॉक्टर, मेव्हणीचं लग्न आहे, रजा शिल्लक नाही. दहा दिवसांचं मेडिकल द्या." नाही म्हणायला जीभ रेटेना. मी विषमज्वराचा दाखला लिहून दिला. विषमज्वराचा रोगी लग्नाच्या पंगतीत वाढताना कोणीतरी पाहिला आणि वरच्या कार्यालयापर्यंत बातमी गेली. महिन्याभराने मला पत्र आले, रुग्णाच्या उपचारांची कागदपत्रे दाखवा. कागदपत्रे असतील कुठून? आता मागच्या तारखेचा केसपेपर करावा लागणार, खोटा विडाल तपासणीचा कागद मिळवावा लागणार, औषधांच्या चिठ्ठ्या लिहाव्या लागणार. एका ओळीच्या खोट्याला सांभाळायला एवढी फौज!

तीन रात्री मी झोपलो नाही. छातीत धडधड, जेवण नकोसे. चौथ्या दिवशी सकाळी त्या कार्यालयात गेलो आणि दाखला खोटा होता असे लिहून दिले. साहेबांनी सर्वांसमोर खरडपट्टी काढली, ती मुकाट्याने ऐकली. त्या गृहस्थांची एक वेतनवाढ थांबली. त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले, त्यांच्या भावकीतली पाच-सहा घरे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि आजतागायत परतली नाहीत. खरे बोलण्याने सगळे गोड होते असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. मला त्याची किंमत मोजावी लागली आणि माझ्यामुळे त्यांनाही. पण त्या रात्री मी झोपलो, हेही तितकेच खरे.

२००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दिलेल्या प्रत्येक दाखल्याची डॉक्टरने नोंदवही ठेवायची असते, आणि खोटा दाखला दिल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. तेव्हा खोटा दाखला मागायला येणाऱ्यांना विनंती, आपण डॉक्टरकडे एक कागद मागत नसता, त्याच्या आयुष्याची कमाई पणाला लावायला सांगत असता.

इतक्या वर्षांत रोगी पाहून आणि स्वतः ठेच खाऊन जी चार-पाच साधी तत्त्वे हाती लागली, ती सांगतो.

पहिले, घरात पैशाचा खरा आकडा सांगा. पगार किती, कर्ज किती, जामीन कोणाला, भिशीत किती, हे निदान पती-पत्नीने एकमेकांपासून लपवू नये. लग्नकार्य, वास्तुशांत असले खर्च ठरवताना हाच आकडा समोर ठेवावा. ऐपत नसताना मांडव मोठा घालणे हेही एक खोटेच, आणि त्याचे हप्ते पाहुणे भरत नाहीत.

दुसरे, 'नाही' वेळेवर म्हणा. 'बघतो', 'उद्या देतो', 'निघालोच' ही आपली रोजची तीन असत्ये. पहिल्या दिवशी 'जमणार नाही' म्हटले तर समोरचा घडीभर रुसतो. 'बघतो' म्हणून महिनाभर तोंड चुकवत फिरलात तर तो कायमचा दुरावतो, आणि तोपर्यंत रस्ता बदलून जायचे तुमचे कष्ट वेगळेच.

तिसरे, चूक झाली की त्याच दिवशी कबूल करा. पहिल्या दिवशी ती फक्त चूक असते. आठ दिवसांनी तिच्यात लपवालपवी मिसळते, आणि माणसे चुकीपेक्षा लपवालपवीवरच जास्त चिडतात.

चौथे, डॉक्टरपासून काही लपवू नका. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. गोळ्या चुकवता आणि 'रोज घेतो' म्हणता. डॉक्टर समजतो की औषध पुरत नाही, म्हणून वाढवून देतो. मग एखादे दिवशी मुलगी माहेरी येते, समोर उभी राहून सगळ्या गोळ्या वेळेवर देते आणि रक्तदाब एकदम खाली येऊन बाबा न्हाणीघरात पडतात. तंबाखू, दारू, दुकानातून परस्पर घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, कोणी दिलेल्या पुड्या, सगळे सांगा. अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर दारूचे खरे प्रमाण कळलेच पाहिजे. पैसे नाहीत म्हणून गोळी बंद केली असेल तर तेही सांगा, स्वस्त गोळी लिहून देता येते. आम्ही डॉक्टर रागावतो म्हणून रोगी खोटे बोलतात, हेही मला ठाऊक आहे. त्यातला दोष आमच्याकडे घेतो.

पाचवे, खरे बोलणे म्हणजे टोचून बोलणे नव्हे. 'मी स्पष्टवक्ता आहे' असे म्हणत सुनेच्या स्वयंपाकाला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. खरे आधी स्वतःबद्दलचे बोलावे. दुसऱ्याबद्दलचे बोलताना त्याने विचारले आहे का आणि त्याला पेलेल का, हे पाहावे. आईला कर्करोग निघाला की मुले मला बाजूला घेऊन म्हणतात, "तिला सांगू नका, खचेल." त्यांची माया मला समजते. पण अनुभव असा की बहुतेक वेळा आईला कळलेले असते, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तीच न कळल्यासारखे दाखवत असते. मी आजारी माणसाला एवढेच विचारतो, "मावशी, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" ती जेवढे विचारेल तेवढे खरे सांगतो. तिने विचारले नाही तर लादत नाही, पण विचारले तर खोटेही सांगत नाही.

बाजारपेठेतले एक व्यापारी मित्र हे सारे ऐकून हसले. म्हणाले, "डॉक्टर, धंद्यात खोट्याशिवाय चालत नाही." मी वाद घातला नाही. म्हटले, "शंभर सोडू नका. ज्या एका खोट्याने रात्री तीनला जाग येते, तेवढे एक सोडून बघा." ते हसायचे थांबले. कोणते ते त्यांना लगेच आठवले असावे.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. ताण आहे म्हणजे माणूस खोटा आहे, असा उलटा अर्थ कृपा करून काढू नका. कांद्याचा भाव पडला, पोराला नोकरी लागत नाही, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, अशांनी कोणते खोटे केले? त्यांचा ताण परिस्थितीचा आहे. त्यांनाही एवढेच सांगणे की 'मी बरा आहे' हे खोटे बोलू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, कामातले लक्ष उडाले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस आणि मोफत. फोन करण्यात कमीपणा काही नाही. औषधाची गरज असेल तर औषधही घ्यावे. खरे बोलणे हा गोळीला पर्याय नाही, जोड आहे. आणि माझा हा लेख वाचून कोणी चालू गोळ्या बंद करू नयेत.

आज रात्री जेवण झाल्यावर टीव्ही बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा आणि घरच्या माणसाला ती एक गोष्ट सांगून टाका. कदाचित त्या माणसाला ती केव्हाच माहीत असेल.